थांबवणाऱ्या तीन ओळी

अक्का, तुमच्या त्या तीन ओळी अजून जागेवर आहेत. ही बातमी आधी देतो, कारण बाकी कशाची चौकशी तुम्ही केलीच नसती. तुम्हाला जाऊन महिनासुद्धा झालेला नाही. काल विजयादशमी होती आणि मी मद्रासबाहेर इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात उभा होतो. तिथे काय झालं ते सांगायला बसलोय, पण सरळ तिथवर पोचणार नाही. माझी सवय तुम्हाला ठाऊकच आहे. "हा मिरजेहून मद्रासला येताना हुबळी, बंगळूर सगळीकडे उतरून चहा पिऊन आला असेल," हे तुमचंच वाक्य.

तुमच्यामागे ऑफिसात शोकसभा झाली. फोटोला हार घातला होता. मोठे साहेब बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, सुगुणा मॅडम अत्यंत मृदुभाषी होत्या. मी मान वर करून फोटो पुन्हा बघून घेतला, माणूस तोच आहे ना म्हणून. ज्या बाईने माझ्या पहिल्या प्रोग्रॅमचे कागद वाचून "हा कुणी लिहिला? तू लिहिलास की तुझ्यावर कुणाचा राग अहे?" असं विचारलं, ती मृदुभाषी. असो. मेलेल्या माणसाला लोक इस्त्री करून ठेवतात. मला तुम्ही सुरकुत्यांसकट आठवता, आणि तशाच बऱ्या वाटता.

मी इथे आलो तेव्हा दोन हजार सालाचा बागुलबुवा नुकताच विरला होता. पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगितलं, तिकडे खिडकीशी तुमच्या भाषेतल्या मॅडम बसतात. परमुलखात आपलं माणूस भेटलं म्हणून मी धावत आलो. "तुम्ही मूळच्या कुठल्या?" "तंजावूर." "नाही, म्हणजे महाराष्ट्रात?" तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "तिथून निघून तीनशे वर्षं जाली. पत्ता विसरलों." मग तुम्ही माझं नाव विचारलंत, दिगंबर म्हटल्यावर त्याला परस्पर 'राव' चिकटवलंत, आणि तेव्हापासून तुमच्यासाठी मी दिगंबरराव झालो. घरी मला अजूनही कुणी दिगूच्या वर जाऊ देत नाही.

तुमच्या मते माझी मराठी हिंदीने नासवलेली होती आणि माझ्या मते तुमची तमिळने. 'उगे बैस' हे मी शाळेत जुन्या कवितेत वाचलं होतं. ते कधी कुणी माझ्यावरच वापरेल असं वाटलं नव्हतं.

हे सेतू वाचणार आहे. तुमचा धाकटा भाऊ असून इतक्या वर्षांत त्याला तुमचं काम काय होतं ते कळलेलं नाही. "अक्का कॉम्प्युटरला कुलूप घालायच्या," असं तो लोकांना सांगतो. तेव्हा पुढचा भाग त्याच्यासाठी. तुम्ही सोडून वाचा.

सेतू, संगणकात एक खातं असं असतं की त्याला कुणी काही विचारत नाही. कुठलीही फाइल उघडावी, कुठलीही पुसावी. त्याला रूट म्हणतात. घरच्या कर्त्या माणसाला जसं 'कुठे चाललात' असं कुणी विचारत नाही, तसंच. काही प्रोग्रॅमना हा अधिकार द्यावाच लागतो, कारण यंत्राची काही दारं त्याशिवाय उघडत नाहीत. पण असा प्रोग्रॅम कुठे चुकला, तर जो कुणी समोर बसला असेल त्याच्या हातात सगळं घर जातं. तो अधिकार कमीत कमी वेळ आणि कमीत कमी कामासाठी वापरला जावा, काम झालं की लगेच सोडला जावा, हे तुझी अक्का बघायची. कुलूप घालणं नव्हे. किल्ली परत ठेवली की नाही ते बघणं.

तुमची पद्धत साधी होती. प्रोग्रॅम छापून आणायचा आणि लाल पेनाने आडवी रेघ मारायची. रेघेच्या वर रूट, रेघेच्या खाली साधा माणूस. मग एकेका ओळीवर बोट ठेवून विचारायचं, "ही वर कशास?" उत्तर नसलं की ओळ खाली जायची. माझी रेघ पहिल्यांदा सहाव्या पानावर आली होती. तुम्ही ती पहिल्या पानाच्या मध्यावर आणून ठेवलीत, आणि मला वाटलं होतं की आता यात उरलंच काय. पण प्रोग्रॅम अगदी पहिल्यासारखा चालला. बाकीची पाच पानं मी उगीचच सिंहासनावर बसवली होती.

आणि तो रुमाल. माझा प्रोग्रॅम आधी बघायचा की ही फाइल या माणसाला उघडायचा हक्क आहे का, आणि मग ती उघडायचा. मला हे फारच सावधपणाचं वाटत होतं. तुम्ही म्हणालात, "बसमध्ये जागा रिकामी दिसली म्हणून तू दाराकडे गेलास. आत पोचेतोवर तिथे दुसरा बसला. मग तू बघितलंस त्याचा काय उपयोग?" मी म्हटलं, आमच्याकडे त्यासाठी खिडकीतून रुमाल टाकतात. तुम्ही हसलात. मी पाहिलेलं तुमचं पहिलं हसू ते. "तेच की. आधी रुमाल टाक. आधी हातात धर, मग काय धरलं ते बघ." त्या दिवसापासून आपल्या टीममध्ये त्या चुकीचं नाव रुमाल पडलं. आता आलेली तमिळ पोरंसुद्धा 'सार, इंगे रुमाल इरुक्कु' म्हणतात, इथे रुमाल आहे, आणि त्यांना त्यामागची बस माहीत नाही.

पण तुमचा खरा हट्ट रेघेवर होता. अधिकार सोडला, असं प्रोग्रॅमने नुसतं म्हटलेलं तुम्हाला चालायचं नाही. सोडून झाल्यावर त्याने तो परत मागून बघायचा. मिळाला, तर सोडलाच नव्हता. मिळाला नाही, तर ठीक. आणि मुळात सोडताच आला नाही, तर तिथल्या तिथे बंद पडायचं. पुढे एक पाऊल टाकायचं नाही. या शेवटच्या गोष्टीच्या तीन ओळी. तुम्ही त्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये स्वतःच्या हाताने लिहायचात.

हे सगळं कुठून शिकलात असं मी एकदा विचारलं होतं. तुमचे वडील आवडी गावातल्या सरकारी कारखान्यात भांडारपाल होते हे मला माहीत होतं, तेव्हा काहीतरी किल्ल्यांची गोष्ट निघेल, आपणही जरा गहिवरू, अशी माझी तयारी होती. "मॅन्युअल वाचलं," तुम्ही म्हणालात. "तूही वाच."

आपल्या ऑफिसातली आयुधपूजा, म्हणजे आमची खंडेनवमी, मात्र तुमचीच. मी आलो तेव्हा सगळीकडे होते तसंच चालायचं: मॉनिटरला चंदन-कुंकू, सर्व्हरला हार, दारात कोहळा फोडायचा, पुडीतून सुंडल, म्हणजे खोबरं घालून परतलेले हरभरे, आणि चुरमुरे वाटायचे. हत्यारं देवीपुढे ठेवायची म्हणून त्या दिवशी कुणी कशाला हात लावायचा नाही. तुम्ही त्यात भर घातलीत. त्या दिवशी ऑफिसातल्या सगळ्या माणसांचा आणि सगळ्या प्रोग्रॅमचा रूटचा अधिकार तुम्ही काढून घ्यायचात. देवीपुढे ठेवलं म्हणजे ठेवलं. विजयादशमीनंतर ज्याला हवा त्याने तुमच्या टेबलाशी यायचं आणि कशासाठी हवा ते तोंडाने सांगायचं. दरवर्षी दोन-चार जण असे निघायचे की त्यांना कारण आठवायचंच नाही. ते डोकं खाजवत परत जायचे, आणि त्यांचं काहीही अडायचं नाही. मोठ्या साहेबांनासुद्धा आठवलं नव्हतं. तुम्ही त्यांना सुंडलची दुसरी पुडी देऊन परत पाठवलं होतं.

कारखान्याची लाइन अडली ती विजयादशमी कशी झाली ते आपण दोघं कधी शांतपणे बोललोच नाही. मी माझ्या बाजूने सांगतो. चुकलं तर आता दुरुस्त करायला तुम्ही नाही.

हाच इरुंगाट्टुकोट्टैचा कारखाना, मोटारींचे भाग करणारा. लाइनीवर प्रत्येक स्टेशनाशी, म्हणजे कामगाराच्या जागेशी, संगणकाचा एक पडदा, आणि त्यामागे आपला प्रोग्रॅम: भाग तयार झाला की नोंद करायची आणि लेबल छापायचं. तो रूट म्हणून सुरू व्हायचा, स्टेशनचं दार उघडायचा आणि लगेच खाली उतरून साध्या कामगार-खात्यात जायचा. त्या खात्याला एका वेळी किती प्रोग्रॅम चालवता येतील याची मर्यादा तुम्हीच घातली होती, उगाच कुणी ढीग लावू नये म्हणून. रोज कामगार मागेपुढे यायचे, एकेक पडदा उजळायचा, आणि मर्यादेपर्यंत कधी कुणी पोचायचं नाही.

पण आयुधपूजेला सगळं बंद झालं होतं, मशिनांना हार घातलेले होते, आणि दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर काम सुरू करायचं होतं. सगळे आपापल्या पडद्यापुढे बटणावर बोट ठेवून उभे राहिले. नारळ फुटला आणि सगळ्यांनी एकदम बटण दाबलं. एकदम दाबल्यामुळे पडदे जरा रेंगाळले. मुहूर्त टळतोय म्हटल्यावर कोण उगे बसतो? सगळ्यांनी पुन्हा दाबलं. आणि पुन्हा. प्रत्येक दाबण्याला एक नवा प्रोग्रॅम जन्माला आला. कामगार-खातं भरून गेलं, आणि पुढचा प्रोग्रॅम रूटवरून खाली उतरायला गेला तेव्हा यंत्राने सांगितलं, खाली जागा नाही.

तिथे तुमच्या तीन ओळी जाग्या झाल्या. उतरता येत नाही? मग वर बसून कामही करायचं नाही. बंद. अर्ध्या लाइनीचे पडदे काळेच राहिले, आणि लाइन काही अर्धी चालत नाही. वर्षभराच्या कामाचा मुहूर्त, बायकापोरं नवे कपडे घालून बघायला आलेली, आणि मशिनं हार घालून मुकाट उभी.

आपल्याला बोलावणं आलं. तुम्ही तिथे जाऊन आधी सगळ्यांचे हात बटणांवरून काढायला लावलेत, मर्यादा वाढवलीत, मग एकेकाला दाबायला सांगितलंत. लाइन सुरू झाली. मुहूर्त गेला तो गेलाच. मुरुगेसन, तिथला फोरमन, भिंतीला टेकून उभा होता. तो तुमच्याकडे बघतसुद्धा नव्हता.

मग वर केबिनमध्ये. बोलणं सगळं इंग्रजीत झालं, पण मला ते तुमच्या मराठीतच आठवतं. कारखान्याचे प्रमुख म्हणाले, पुन्हा असं होणार नाही ना? तुम्ही म्हणालात, "या कारणाने होणार नाही." ते म्हणाले, कुठल्याच कारणाने होणार नाही असं सांगा. तुम्ही म्हणालात, "तें कसं सांगू? उतरता आलं नाही तर थांबेल. थांबायलाच हवं." मी टेबलाखालून तुमच्या पायाला पाय लावला. तुम्ही पाय बाजूला घेतलात.

परतीच्या गाडीत मी भांडलो. मला खरोखर राग आला होता. एक 'होणार नाही' म्हटलं असतंत तर काय बिघडलं असतं? मर्यादा इतकी वाढवली होती की ते पुन्हा होणं जवळजवळ अशक्यच होतं. "जवळजवळ," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, मर्यादा तुमची, तपासणी तुमची, दोघींची टक्कर झाली आणि सण लोकांचा बुडाला. दाराला कडी लावणाऱ्याने दाराशी किती माणसं येणार तेही बघायला नको का? पूनमल्लीचा सिग्नल लागला तेव्हा एवढंच म्हणालात, "तें वाईट जालं." मी म्हटलं, रूटचं काम करणारा तुकडा वेगळाच काढू, अगदी छोटा, बाकीच्या प्रोग्रॅमला रूट कधी मिळूच नये, म्हणजे उतरण्याचा आणि थांबण्याचा प्रश्नच येणार नाही. "सरि, बरं. तेंही कर," तुम्ही म्हणालात. "तरी तीन ओळी ठेव." इथे आपला वाद थांबला. संपला नाही. अजूनही मला वाटतं की त्यात माझं थोडं बरोबर होतं, आणि ते तुम्ही कबूल करायला हवं होतं.

त्या 'थांबेल' या शब्दापायी तुमची खुर्ची गेली. नव्या पोरांना शिकवायला म्हणून तुम्हाला खालच्या मजल्यावर पाठवलं आणि तुमची जागा मला दिली. ज्या दिवशी कारभार सोपवलात तो दिवस मला नीट आठवतो. तुम्ही मला खुर्चीवर बसवलंत, रूटचा नवा पासवर्ड घालायला सांगितलंत आणि स्वतः भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभ्या राहिलात. झालं म्हटल्यावर वळलात, वाकून आपला जुना पासवर्ड मारलात. यंत्राने नाकारलं. "सरि," तुम्ही म्हणालात, आणि चेहऱ्यावर असं समाधान की जणू लग्नकार्य पार पडलं.

नंतर मी काही ना काही विचारायला खाली यायचो. हे कसं करू, ते ठेवू का काढू. "मज कशास विचारतोस? रूट तुझ्याजवळ," असं म्हणून तुम्ही पोरांकडे वळायचात. मला ते लागायचं. रुसल्या आहेत, असं मी बायकोला सांगायचो. दसऱ्याच्या सकाळी न चुकता तुम्हाला फोन करायचो. इथे आपट्याची पानं कुठली, पण निदान चार शब्द. दरवर्षी फोन सेतूच उचलायचा आणि सांगायचा, "अक्का भायेर गेल्यात." मी समजायचो, देवळात. एकदा हेही समजलो की माझ्याशी बोलायचं टाळताय.

शेवटचं भेटलो ते आवडीला, तुमच्या घरी. तुम्ही खिडकीशी पडून होतात, आणि हात इतके बारीक झाले होते की मी दुसरीकडे बघत बोलत होतो. तब्येतीचं विचारलं तर "तो समाचार डॉक्टरला विचार" म्हणालात. मग म्हणालात, "त्या तीन ओळी अहेत का?"

मी सांगितलं, आहेत. आणि हेही सांगितलं की कारखान्याशी करार नवा व्हायचा आहे, आणि त्यांनी पुन्हा तेच मागितलंय: प्रोग्रॅम आपण होऊन कधीही थांबणार नाही असं लिहून द्या. त्या तीन ओळी काढल्याशिवाय तसं लिहिता येत नाही. निर्णय माझ्यावर आला आहे. नाही म्हटलं तर माझी खुर्ची तुमच्या वाटेने जाणार. काय करू?

"काढ म्हणून सांगणार नाही," तुम्ही म्हणालात. "ठेव म्हणूनही नाही."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"मज वाटून काय? मी उतरलें, दिगंबरराव."

मी चिडून उठलो. दोन शब्द सांगितले असतेत तर मी ते डोक्यावर घेऊन नाचलो असतो. तुम्ही गेल्यावर तर त्यांचा मंत्र झाला असता. ते तुम्हाला नको होतं, हे मला जिना उतरताना कळलं, आणि तरीही राग गेला नाही. तुमचा निरोप मी धड घेतला नाही. दारातून "येतो" म्हटलं, तुम्ही "जेवून जा" म्हणालात, मी "नको" म्हटलं. इतकंच. याचं वाईट वाटतं, आणि वाटत राहील.

तुमचं सगळं आटोपल्यावर मी ऑफिसात बसलो आणि त्या तीन ओळी काढल्या. दचकू नका. चाचणीच्या मशिनवर काढल्या. मुद्दाम कामगार-खातं काठोकाठ भरलं आणि प्रोग्रॅम सुरू केला. त्याला खाली उतरता आलं नाही. तो थांबला नाही. पडदा नेहमीसारखा उजळला, काम नेहमीसारखं चाललं. मग मी साधा कामगार म्हणून त्याच पडद्यावरून शेजारच्या स्टेशनची नोंद पुसून बघितली. पुसली गेली. मग मशिनवरचं आणखी बरंच काही पुसता आलं असतं. कुठे आवाज नाही, तक्रार नाही, एक ओळ लाल नाही. मुहूर्ताला थांबलेली लाइन सगळ्या गावाने बघितली होती. हे मात्र कुणाला कधीच दिसलं नसतं. मला त्या गुपचूपपणाची भीती वाटली. तुमच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं मला त्या दिवशी समजलं, आणि सांगायला तुम्ही नव्हतात.

मी शूर वगैरे नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. मी ओळी परत ठेवल्या आणि लिहून दिलं: उतरता आलं नाही तर थांबेल. मोठे साहेब म्हणाले, "तीन ओळींसाठी?" मी म्हटलं, "हो, तीन ओळींसाठी." ते म्हणाले, "ठीक आहे. विजयादशमीचा मुहूर्त पार पडू दे, मग कराराचं आणि तुझंही बघू." म्हणून मी काल तिथे होतो. थांबलं, तर माझं काय होणार हे मला माहीत होतं.

तो छोटा तुकडा मी वेगळा काढलाय, अक्का. अजून अर्ध्याच स्टेशनांवर चढवून झालाय. उरलेली अर्धी तुमच्या भरवशावर होती.

मशिनांना झेंडूचे हार होते. पडद्यांवर चंदनाचे तीन-तीन पट्टे. बायकापोरं मागे उभी होती. नारळ फुटला आणि सगळ्यांनी एकदम बटण दाबलं. पडदे रेंगाळले. लोकांनी पुन्हा दाबलं, दाबणारच. आणि खरं सांगू? माझ्यातला अर्धा माणूस म्हणत होता, थांब. एकदा थांबच. म्हणजे मला वर जाऊन तुमच्या वतीने भांडता येईल. पण सगळे पडदे उजळले. लाइन हलली. टाळ्या वाजल्या. तुमच्या तीन ओळींनी काहीच केलं नाही, आणि हेच त्यांचं रोजचं काम असतं.

मी निघणार इतक्यात मुरुगेसन आला. केस बरेच पिकलेत त्याचे. हातात सुंडलच्या दोन पुड्या होत्या. माझ्या पाठीमागे बघत त्याने विचारलं, "अम्मा वरलैया?"

कोण अम्मा आल्या नाहीत, ते मला कळेना. "सुगुणा अम्मा," तो म्हणाला. "दरवर्षी येतात ना."

मी म्हटलं, दरवर्षी? माझ्या मोडक्या तमिळमध्ये मी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं, आणि त्याने लहान मुलाला सांगावं तसं सावकाश सांगितलं. त्या वर्षानंतरची प्रत्येक विजयादशमी. पहाटेची गाडी, मग बस, मग गेटपासून चालत. बघायला आलेल्या बायकापोरांबरोबर तुम्ही आत यायचात आणि स्विचबोर्डाच्या बाजूला, वाळूच्या बादल्यांपाशी उभ्या राहायचात. कशाला हात लावायचा नाही, कुणाला काही सांगायचं नाही. सगळे पडदे उजळले की त्याच्याकडून सुंडलची पुडी घ्यायची आणि जायचं. पहिल्या वर्षी तो तुमच्यावर भडकला होता. आमचा मुहूर्त घालवून आता काय बघायला आलात, असं सगळ्यांदेखत विचारलं होतं त्याने. त्यावर तुम्ही त्याला म्हणाला होतात, पुन्हा थांबलं तर शिव्या खायला कुणीतरी इथे हवं ना.

सेतू, तुला ठाऊक होतं. 'भायेर' म्हणे.

तुम्ही गेलात हे मुरुगेसनला सांगावंच लागलं. मी ते शब्द तोवर कुठल्याच भाषेत मोठ्याने म्हटले नव्हते. शोकसभेतही गप्प बसलो होतो. तमिळमध्ये म्हणायला शब्द कमी पडले. मुरुगेसनने पुड्यांकडे बघितलं. मग दोन्ही पुड्या माझ्या हातात दिल्या, आणि हनुवटीने वाळूच्या बादल्यांकडे खूण केली.

मी तिथे जाऊन उभा राहिलो. तिथून लाइनीचे सगळे पडदे दिसतात, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. सगळे चालू होते, अक्का. थांबले असते, तर शिव्या खायला मी होतो.